सिंह, वाघ आणि गुराखी : लोकाधारित संवर्धनाचे अर्थकारण

छत्तीसगडमधील राजनांदगाव जिल्ह्यात, छुरिया परिसरातील बखरूटोला या गावाजवळ सप्टेंबर २०११ मध्ये एका वाघिणीला जमावाने मारून टाकले. वनखात्याचे कर्मचारी व पोलीस तेथे हजर होते. परंतु संतप्त जमावापुढे त्यांचे काही चालले नाही. हे ठिकाण भिलाईपासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर आहे. त्याच भिलाईत 'मैत्री बाग' हे प्राणिसंग्रहालय आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये उभारलेल्या आणि भिलाई इस्पात कारखान्यामार्फत चालविल्या जाणाऱ्या या बागेतील पांढरे वाघ सर्वदूर प्रसिद्ध आहेत. सुटीच्या दिवशी दुर्ग, राजनांदगाव व रायपूरहून कुटुंबेच्या कुटुंबे तिकीट काढून ते पाहावयास येतात. शहरातील माणूस वाघ पाहण्यासाठी आनंदाने पैसे मोजतो आणि शंभर किलोमीटरच्या आत राहणारा ग्रामस्थ वाघ नाहीसा व्हावा म्हणून जीव धोक्यात घालतो. या दोन वर्तनांत विसंगती दिसते. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती विसंगती नाही. दोघेही आपापल्या वाट्याला आलेल्या लाभ-हानीनुसारच वागत आहेत.

वन्यजीव संवर्धनाचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा कायदे, अभयारण्यांची नावे व गणनेचे आकडे पाठ करतात. ते आवश्यकच आहे. परंतु मोठ्या मांसभक्षक प्राण्याच्या संवर्धनाचा खर्च कोण सोसतो, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना पूर्व आफ्रिकेतील मसाई पशुपालकांचा अनुभव उपयोगी पडतो. मात्र भिलाईच्या परिसराला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तो का लागू होत नाही हे समजून घेतले, तर आपल्याकडील गुराख्याचे वेगळे स्थान स्पष्ट होते.

लाभ सर्वांचा, हानी एकाची

वाघ किंवा सिंह जिवंत असणे ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. दिल्लीतील, लंडनमधील किंवा भिलाईतील नागरिकाला तिचे समाधान मिळते, वनांचे रक्षण होते, नद्यांचे पाणलोट क्षेत्र टिकते. आणि यांपैकी कोणत्याही लाभापासून कोणाला वगळता येत नाही. हानी मात्र नेमक्या ठिकाणी आणि नेमक्या कुटुंबावर कोसळते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या अल्पभूधारकाची दुभती गाय किंवा नांगराचा बैल मारला गेला, तर त्याच्या वर्षभराच्या नियोजनाचा पायाच खचतो. खर्च स्थानिक आणि लाभ सार्वत्रिक, असे हे बाह्यतेचे उदाहरण आहे.

येथे कायद्यातील एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मृत आढळलेला वाघ ही शासनाची मालमत्ता ठरते. जिवंत वाघाने मारलेली गाय मात्र मालकाचे नुकसान असते, आणि त्याबद्दल मिळणारी रक्कम त्या-त्या राज्याच्या शासन निर्णयावर अवलंबून असते. मालकी आणि दायित्व यांची अशी फारकत झाली की त्यातून होणारा खर्च दुर्बल घटकाकडे सरकतो.

आकडेवारी पाहता या भागाचे चित्र चिंताजनक राहिले आहे. अखिल भारतीय व्याघ्र गणनेनुसार छत्तीसगडमध्ये २०१४ मध्ये ४६ वाघ होते. २०१८ मध्ये ते १९ आणि २०२२ मध्ये १७ झाले. याच काळात शेजारच्या महाराष्ट्रात ही संख्या १९० वरून ३१२ आणि पुढे ४४४ वर गेली. इंद्रावती व्याघ्र प्रकल्पात सुरक्षेच्या कारणांमुळे दीर्घकाळ नीट पाहणी होऊ शकली नाही, हे लक्षात घेऊनच छत्तीसगडचे आकडे वाचावे लागतात. तरीही दोन शेजारी राज्यांतील ही तफावत केवळ मोजणीची नाही. महाराष्ट्रात वाढणारे वाघ नवेगाव-नागझिरा परिसरातून पूर्वेकडे नवी जागा शोधत निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर राजनांदगाव जिल्ह्यातील छुरिया, डोंगरगढ यांसारखे भाग येतात. कान्हा आणि नवेगाव-नागझिरा यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यालाही हा भाग लागून आहे. त्यामुळे छुरियातील गुराख्याची मनःस्थिती हा महाराष्ट्रातील वाघांच्या भवितव्याचाही प्रश्न आहे.

मसाईंचा अनुभव

केनिया आणि टांझानिया या देशांच्या सीमाभागात मसाई लोक गायी, शेळ्या व मेंढ्या पाळून राहतात. त्यांच्या समाजात तरुण योद्ध्यांचा एक वयोगट असतो. त्यांना 'मोरान' म्हणतात. सिंहाची शिकार हा मोरानच्या पराक्रमाचा मानबिंदू होता. पहिला भाला मारणाऱ्याला सिंहाच्या शिकारीवरून नवे नाव व प्रतिष्ठा मिळे. म्हणजे सिंह मारण्यामागे दोन प्रेरणा होत्या : जनावर गमावल्याचा सूड आणि समाजातील मान. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. परंतु दोन्ही प्रेरणा कायम राहिल्या. पुढे भाल्याच्या जोडीला विषही आले. मारलेल्या गाईच्या उरलेल्या मांसावर शेतीसाठी विकले जाणारे कीटकनाशक टाकले की परत आलेला सिंह मरतो आणि त्याबरोबर तरस, कोल्हे, गिधाडेही मरतात. विष स्वस्त असते, त्याला धाडस लागत नाही आणि ते कोणी टाकले हे सिद्ध करणे कठीण असते.

या पार्श्वभूमीवर अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाजवळील म्बिरिकानी येथील सामूहिक कुरणात २००३ मध्ये एक भरपाई निधी सुरू झाला. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. हिंस्र प्राण्याने जनावर मारले की स्थानिक तपासनीस जागेवर जाऊन खात्री करतो. गुरे रात्री काटेरी कुंपणाच्या पक्क्या वाड्यात होती की निष्काळजीपणे बाहेर सोडली होती, यानुसार रक्कम कमी-जास्त होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या विभागात कोणी सिंह मारला, तर दंड होतो आणि सर्वांचीच भरपाई अडचणीत येते. वैयक्तिक हानीची भरपाई सामूहिक वर्तनाशी बांधल्यामुळे शेजारीच शेजाऱ्यावर लक्ष ठेवू लागला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सामाईक संसाधनांच्या टिकाऊ व्यवस्थापनाची जी लक्षणे सांगितली, त्यांपैकी सदस्यांनीच केलेली देखरेख आणि गुन्ह्याच्या प्रमाणात वाढत जाणारी शिक्षा ही दोन येथे स्पष्ट दिसतात. याच कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

दुसरा प्रयोग २००७ मध्ये त्याच परिसरात सुरू झाला. 'लायन गार्डियन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात मोरान तरुणांनाच वेतनावर सिंहांचे रक्षक म्हणून नेमण्यात आले. त्यांतील अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना अक्षरओळख, ठिकाण नोंदविणारी उपग्रहाधारित साधने आणि रेडिओ पट्ट्याच्या साहाय्याने सिंहाचा माग काढणे शिकविण्यात आले. सिंह कोणत्या बाजूला आहे याची सूचना गुराख्यांना आधी देणे, हरवलेली जनावरे शोधून आणणे, मोडकळीस आलेले वाडे दुरुस्त करणे आणि शिकारीला निघालेल्या तरुणांना वाटेत गाठून परत फिरविणे ही त्यांची कामे. सिंहांना ते मसाई भाषेतील नावे देतात. पूर्वी सिंह मारल्याने मोरानला नाव मिळत असे. आता तोच मोरान सिंहाला नाव देऊ लागला.

लीला हझ्झाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या दोन्ही उपक्रमांची तुलना प्रसिद्ध केली. भरपाई निधीमुळे सिंहांच्या हत्येत ८७ ते ९१ टक्के घट झाल्याचे आणि रक्षकांच्या उपक्रमात ती घट ९९ टक्क्यांपर्यंत गेल्याचे त्यात आढळले. केवळ पैसा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. जवळजवळ नव्वद टक्के घट ही लहान गोष्ट नाही. मात्र भरपाई हानी झाल्यानंतर येते, तर रक्षक ती होण्यापूर्वी पोहोचतो. शिवाय भरपाईमुळे केवळ सूडाची प्रेरणा शमते, तर रक्षकपद मानाचीही पोकळी भरून काढते.

राऊत : गुरे दुसऱ्याची, जोखीम आपली

मसाईंच्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत आहे. गुरे चारणारा आणि गुरांचा मालक एकच, किंवा निदान एकाच कुटुंबातील असतो. हानी ज्याची, माहिती त्याची आणि भरपाईही त्याची.

छत्तीसगडच्या मैदानी व डोंगरपायथ्याच्या गावांत असे नाही. येथे शेतकरी कुटुंबांकडे थोडी थोडी जनावरे असतात आणि साऱ्या गावाचा कळप राऊत समाजातील गुराखी चारतो. त्याला स्थानिक बोलीत 'पहटिया' म्हणतात. वर्षाच्या बोलीने, मुख्यतः धानाच्या रूपात त्याला मोबदला मिळतो. सकाळी गुरे गोळा करून तो रानात नेतो आणि सायंकाळी परत आणतो. दिवाळीच्या सुमारास गुरांच्या गळ्यात 'सुहई' बांधण्याची आणि राऊत नाचाची परंपरा या नात्याचीच खूण आहे. विदर्भात गोवारी समाजाचे गावाशी असेच नाते राहिले आहे. तेथेही दिवाळीत गायगोधनाचा सण गोवाऱ्यांशिवाय होत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे गुराख्याला 'ढोरकी' म्हणतात, एवढाच शब्दाचा फरक.

अशा व्यवस्थेत वाघाने गाय मारली तर काय घडते? गाय मालकाची, भरपाईचा अर्ज मालकाचा, रक्कम मालकाच्या खात्यात. गुराख्याने मात्र त्या दिवशी वाघाला समोर पाहिलेले असते. कळप पांगला म्हणून बोल त्यालाच लागतो. मनाई असलेल्या वनखंडात गुरे नेल्याचा ठपका येण्याची भीती असते. मालक भरपाई मिळविण्यात गुंततो, आणि गुराखी दुसऱ्या दिवशी त्याच रानात जातो. शरीराची जोखीम त्याची, मालमत्तेची जोखीम दुसऱ्याची आणि भरपाई केवळ मालमत्तेची, अशी ही विभागणी आहे.

ही बाब केवळ न्यायाची नाही, परिणामकारकतेचीही आहे. वाघ किंवा बिबट्या मोठे जनावर एका बैठकीत संपवीत नाही. तो पुन्हा त्याच ठिकाणी परततो. विषप्रयोग व्हायचा तर याच अवधीत होतो. जनावर कोठे पडले आहे हे त्या पहिल्या काही तासांत एकाच माणसाला नक्की ठाऊक असते, आणि तो म्हणजे गुराखी. त्याने वनरक्षकाला लगेच कळविले तर पंचनामा वेळेवर होतो, गर्दी आवरता येते, वाघ सुखरूप निघून जातो. पण कळविण्यात त्याचा कोणताही लाभ नाही, झाला तर तोटाच आहे. माहिती ज्याच्याकडे आहे त्यालाच ती देण्याचे प्रोत्साहन नसणे, हा संस्थात्मक रचनेतील दोष आहे. भरपाईचे दर कितीही वाढविले तरी त्यामुळे तो दूर होत नाही, कारण वाढीव रक्कमही मालकालाच मिळते.

भरपाईची मर्यादा

महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ मध्ये भरपाईचे दर वाढविले. गाय, बैल किंवा म्हैस मृत्युमुखी पडल्यास कमाल ७० हजार रुपये, मेंढी किंवा शेळीसाठी १५ हजार रुपये आणि मनुष्यहानी झाल्यास २० लाख रुपये असे ते दर होते. मनुष्यहानीची रक्कम पुढे २५ लाख करण्यात आली. केंद्र पुरस्कृत योजनेत मनुष्यहानीसाठीची रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाख रुपये झाली. छत्तीसगडमध्ये या दशकाच्या आरंभी ती ६ लाख होती.

परंतु दर हा भरपाईचा एक भाग झाला. ठरलेल्या मुदतीत खबर देणे, मृत जनावर जागेवरून न हलविणे, पंचनामा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, बँकेचा तपशील या साऱ्यांसाठी लागणारा वेळ, बुडालेली मजुरी आणि प्रवासाचे भाडे यांना अर्थशास्त्रात व्यवहार खर्च म्हणतात. शेळी मेली तर हा खर्च भरपाईच्या तुलनेत इतका जड होतो की अनेक जण अर्जच करीत नाहीत. गरिबाची गाय म्हणजे शेळी. म्हणजे सर्वांत गरीब पशुपालकच व्यवस्थेच्या बाहेर राहतो. रकमेइतकेच महत्त्व तिच्या वेगाला आहे. बैल पेरणीच्या तोंडावर गेला आणि पैसे दिवाळीनंतर आले, तर ती भरपाई नव्हे, उशिराचे सांत्वन होय.

विम्याच्या सिद्धांतात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात, ती दुसऱ्या बाजूची अडचण आहे. भरपाई हमखास मिळणार असेल तर गुरे सांभाळण्यातील दक्षता कमी होऊ शकते. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात किब्बर या गावाने यावर एक मार्ग काढला. हिमबिबट्याच्या हल्ल्यांत जनावरे गमावणाऱ्या या गावात चारुदत्त मिश्रा व त्यांच्या संस्थेच्या साहाय्याने सामूहिक पशुविमा सुरू झाला. प्रत्येक पशुपालक आपल्या जनावरांमागे हप्ता भरतो, दाव्याची शहानिशा गावचीच समिती करते आणि चांगली राखण करणाऱ्यास पारितोषिक मिळते. स्वतःचा हप्ता त्यात असल्यामुळे खोटा दावा म्हणजे शेजाऱ्याच्या खिशात हात घालणे ठरते. त्याआधी गावाने आपल्या कुरणाचा एक भाग मोबदला घेऊन चराईमुक्तही ठेवला होता, जेणेकरून रानातील भक्ष्य वाढावे.

पकडून नेण्याचा उपाय

'तो वाघ येथून घेऊन जा' ही ग्रामस्थांची पहिली मागणी असते व ती स्वाभाविक आहे. परंतु पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागाचा अनुभव वेगळेच सांगतो. तेथे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासानुसार, पूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होत. स्थलांतराच्या मोहिमेनंतर ते सरासरी १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला, बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. त्यांच्याच २०१३ च्या अभ्यासात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले भागात, दर चौरस किलोमीटरला ३५७ माणसे राहत असलेल्या शेतशिवारात, दर शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, शेळ्यांचा केवळ ११ टक्के.

पालघर, ठाणे व मुंबई उपनगर परिसरातील वारली समाजात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदविली गेली आहेत, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. सहजीवनाचे असे सांस्कृतिक अधिष्ठान मोलाचे आहे. परंतु त्यावर सारा भार टाकणे योग्य नव्हे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. त्यानंतर पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरण्यात आला. श्रद्धेला ताणण्याची एक सीमा असते. त्या सीमेच्या आत व्यवस्था पोहोचली नाही, तर बखरूटोलाची पुनरावृत्ती होते.

गुजरातमधील गीरचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण मसाई-सिंह संबंधाचे भारतातील सर्वांत जवळचे रूप म्हणजे मालधारी पशुपालक आणि आशियाई सिंह. तेथे सिंहांची संख्या २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ व २०२५ मध्ये ८९१ अशी वाढली. त्यांतील अनेक सिंह आज अभयारण्याबाहेर, शेतांत व गायरानांत राहतात. मालधारीही मसाईप्रमाणे स्वतःच्या गुरांचा मालक असतो. त्यामुळे गीरचा धडासुद्धा राऊत किंवा गोवारी यांना सरळ लागू करता येत नाही.

कायद्यातील जागा

लोकसहभागासाठी कायद्यात वाव नाही असे नाही. वन्यजीव अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' व 'सामुदायिक राखीव क्षेत्र' हे दोन नवे प्रकार आले. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क व सामूहिक वनसंसाधनांचे रक्षण-व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य झाला, तर कलम ५ ने वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर आपल्या सामूहिक वनातील काही भाग स्वतःहून वन्यजीवांसाठी राखून ठेवला. छत्तीसगडने ऑगस्ट २०२१ मध्ये उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील काही गावांना सामूहिक वनसंसाधन हक्क दिले. वाघ हवा तर माणूस हटवा, या समीकरणाला हा वेगळा पर्याय होता. त्याआधी, कवर्धा भागातील भोरमदेव अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव आदिवासींच्या विस्थापनाच्या भीतीमुळे झालेल्या विरोधानंतर २०१८ मध्ये राज्याने मागे घेतला होता. हक्क आधी मिळाले असते तर विरोध इतका तीव्र झाला असता काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

तरीही या सर्व तरतुदींत ग्रामसभेचा सदस्य, वनहक्कधारक, पशुमालक दिसतो. भूमिहीन गुराखी गुराखी म्हणून दिसत नाही.

पैसा कोठून यावा

मसाई तरुणांना वेतन देणाऱ्या निधीत देणगीदारांचा मोठा वाटा असतो. देणगीवर चालणारी व्यवस्था देणगीदाराच्या रुचीवर अवलंबून राहते. भिलाईच्या परिसरात मात्र खर्चाचे तर्कसंगत स्रोत हाताशी आहेत. भिलाईचा कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने उभा राहिला व १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून त्याचे लोहखनिज मुख्यतः दल्ली-राजहराच्या डोंगरांतून, म्हणजे आजच्या बालोद जिल्ह्यातून आले; पाणी तांदुळा व अन्य जलाशयांतून येते. डोंगर, वन आणि पाणलोट यांच्या सेवेवर एक संपूर्ण औद्योगिक शहर उभे आहे. खाणी व उद्योगांसाठी वनजमीन वळविली गेल्यास जे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते, ते प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ अन्वये राज्यांकडे येते व वन्यजीव व्यवस्थापनासाठीही वापरता येते. खाणबाधित क्षेत्रांसाठी २०१५ च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. म्हणजे लाभार्थ्याकडून पैसा गोळा करण्याची यंत्रणा आहे. तो जोखीम उचलणाऱ्या माणसापर्यंत नेणारी शेवटची वाट नाही.

ही वाट अशक्य नाही, हे छत्तीसगडमधीलच एका प्रयोगाने दाखविले. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत गौठाणांमध्ये दोन रुपये किलो दराने शेण खरेदी होई आणि पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा होत. विक्रेत्यांत पशुमालकांबरोबर भूमिहीन व गुराखीही होते. त्याच वर्षी 'रोका-छेका' मोहिमेद्वारे खरिपात मोकाट चराई रोखण्याचा प्रयत्न झाला. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर शेणखरेदी थांबली आणि तिच्या खर्चाविषयी व नोंदींविषयी वादही झाले. त्या वादांत न शिरताही एक प्रशासकीय तथ्य उरते : राऊताचे नाव शासकीय यादीत आले होते, त्याचे बँक खाते जोडले गेले होते आणि त्याने रोज केलेल्या कामाचा मोबदला मोजता आला होता. शेणाच्या जागी खबर, राखण व माग काढणे ही सेवा ठेवली, तर यादी तीच उपयोगी पडते.

अशा 'वनपहटिया'ला मानधन देताना काही अडचणी येतील. गुराख्याचे काम हंगामी झाले आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले आणि राऊतांची पुढील पिढी भिलाई-रायपूरच्या कारखान्यांत व बांधकामांवर मजुरी शोधू लागली. गावात पहटिया मिळत नाही म्हणून गुरे मोकाट सुटतात, आणि मोकाट गुरे ही बिबट्याची सर्वांत सोपी शिकार. त्यामुळे मानधन ठरविताना तुलना शहरातील मजुरीशी करावी लागेल, गावातील धानाच्या मापाशी नव्हे. अपघात विमा व उपचारांचा खर्च हा त्या मानधनाचा अविभाज्य भाग असावा. आणि खबर देणाऱ्या गुराख्यावर, तो कोणत्या वनखंडात गुरे चारत होता या कारणाने कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी असल्याशिवाय कोणीही खबर देणार नाही. वनखात्याला ही अट रुचणे कठीण आहे, पण तिच्याविना बाकीची रचना कागदावरच राहील.

दुसरी अडचण सीमेची आहे. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्र ओलांडताच छत्तीसगडचे पहिले ठाणे लागते ते बागनदी. नावातच वाघ आहे. अलीकडे गोंदिया जिल्हा, पलीकडे छुरियाचा परिसर. रान एकच, वाघही तोच. तो अलीकडे असताना त्याची नोंद एका राज्याच्या छायाचित्र-सापळ्यात होते, पलीकडे गेला की दुसऱ्या राज्याला त्याची खबर पहिली गाय पडल्यावर लागते. दोन्हीकडील भरपाईचे दर वेगळे, अर्जाचे नमुने वेगळे, वनवृत्ते वेगळी. सीमेवरचे गुराखी मात्र एकाच बाजाराला जातात, एकमेकांच्या सोयरिकीत आहेत आणि वाघ कोणत्या नाल्याने उतरला हे एकमेकांना त्याच दिवशी कळवितात.